रक्ताची आणेवारी : नात्यांतल्या डीएनएबद्दल वाचकांचे प्रश्न

जुन्या हिशेबात रुपयाचे सोळा आणे. जमिनीतला, वाड्यातला, देवस्थानाच्या उत्पन्नातला वाटा आणेवारीत सांगायची आपल्याकडे रीत होती. डीएनएचा वाटाही पिढीगणिक निम्मा होत जातो, म्हणून ही भाषा इथे चपखल बसते. आई किंवा वडील आणि मूल यांच्यात आठ आणे, सख्ख्या भावंडांत आठ आणे. आजी-आजोबा, काका, आत्या, मामा, मावशी यांच्याशी चार आणे. चुलत, आते, मामे, मावस भावंडांत दोन आणे, आणि त्या भावंडांच्या मुलांत आपसात अर्धा आणा. मात्र यातले आई-वडिलांचे आठ आणे तेवढे मोजून दिलेले असतात. बाकीचे जवळजवळ सगळे आकडे सरासरीचे आहेत. यावेळी आलेल्या बहुतेक प्रश्नांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

शाळेत मुलाला शिकवले की माणूस आणि चिंपांझी यांचा डीएनए ९८-९९ टक्के सारखा असतो. मग सख्ख्या भावाशी फक्त ५० टक्के कसा? — एक पालक, सातारा

दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण त्यांत मोजलेल्या गोष्टी वेगळ्या आहेत. माणसाच्या डीएनएची एक प्रत सुमारे ३१० कोटी अक्षरांची. ती चिंपांझीच्या प्रतीशेजारी ठेवून अक्षराला अक्षर ताडले, तर शंभरात एखादेच वेगळे निघते. कुठलीही दोन माणसे अशीच ताडली, तर हजारात एखादे. या मोजणीत तुमचा मुलगा त्याच्या भावाशी ९९.९ टक्क्यांहून जास्त जुळेल आणि शेजाऱ्याच्या मुलाशीही साधारण ९९.९ टक्के.

नात्याच्या मोजणीत प्रश्न निराळा असतो. हा तुकडा दोघांकडे एकाच पूर्वजाकडून, एकाच प्रतीवरून आला का? एकाच छापखान्यातल्या पंचांगाच्या दोन प्रती अक्षरश: सारख्या असतात, पण आजोबांनी समासात खुणा केलेली प्रत एकच. भावंडांचे ५० टक्के हे त्या खुणांच्या प्रतीबद्दल आहेत.

आम्ही तिघे सख्खी भावंडे. लाळेच्या चाचणीत माझे आणि भावाचे ५३ टक्के जुळले, बहिणीशी मात्र ४४. बहिणीने दुसऱ्या कंपनीकडे चाचणी केली, तिथे माझ्याशी ३५ टक्केच दाखवतात. घरात नको ती शंका निघाली आहे. — एक वाचक, ठाणे

शंका आजच मिटवून टाका. ४४ हा सख्ख्या भावंडांचाच आकडा आहे, आणि ३५ हीसुद्धा तीच जोडी आहे, फक्त मोजायची पद्धत वेगळी.

आधी ५३ आणि ४४ बद्दल. आईकडे प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, एक तिच्या आईकडून आलेली, एक तिच्या वडिलांकडून. स्त्रीबीज तयार होताना या दोन प्रती एकमेकींना बिलगतात, काही जागी तुटतात आणि तुकड्यांची अदलाबदल होऊन नवी सरमिसळ प्रत बनते. अशा अदलाबदली एका स्त्रीबीजात सरासरी ४२ च्या आसपास होतात आणि शुक्राणूत २६ च्या आसपास. म्हणजे पत्ते फार बारीक पिसले जात नाहीत, मोठमोठे गठ्ठे जसेच्या तसे खाली येतात. तुम्हाला एक गठ्ठा आला, बहिणीला नेमका दुसरा, असे दोन-चार मोठ्या गुणसूत्रांत घडले की आकडा ५० वरून ४४ वर येतो. ऑस्ट्रेलियात पीटर विशर यांच्या गटाने सख्ख्या भावंडांच्या ४,४०१ जोड्या मोजल्या आणि २००६ मध्ये निष्कर्ष छापले. सरासरी ५० ला अगदी लागून होती, पण सर्वांत कमी जुळणारी जोडी ३७.४ टक्क्यांवर होती आणि सर्वांत जास्त जुळणारी ६१.७ वर. साधारण दोन तृतीयांश जोड्या ४६ ते ५४ मध्ये येतात, उरलेल्या त्याबाहेर. जुळी भावंडे एकाच गर्भपेशीची असतील तरच १०० टक्के. दोन वेगळ्या बीजांची जुळी या हिशेबात साध्या भावंडांसारखीच.

आता ३५ टक्के. सख्ख्या भावंडांत डीएनएच्या साधारण पाव लांबीवर आईकडची आणि वडिलांकडची अशा दोन्ही प्रती जुळतात, निम्म्या लांबीवर एकच, आणि उरलेल्या पाव लांबीवर एकही नाही. काही कंपन्या दुहेरी जुळणारी जागा दोनदा मोजतात, त्यांच्याकडे सरासरी ५० येते. काही ती एकदाच मोजतात, त्यांच्याकडे साडेसदतीस. खरे तर दुहेरी जुळणारी ही पाव लांबीच सख्खेपणाची सर्वांत भक्कम खूण आहे. आई-मूल या नात्यात ती नसते, आणि एकच पालक समान असलेल्या भावंडांतही नसते. अहवालात गुणसूत्रांचे चित्र मिळत असेल, तर तुमच्या तिघांच्या प्रत्येक जोडीत असे दुहेरी पट्टे दिसतात का पाहा. दिसले की विषय संपला.

नातवात आजी-आजोबांचा प्रत्येकी बरोबर पाव हिस्सा असतो का? — एक आजी, मिरज

वडिलांकडचे आजी-आजोबा मिळून बरोबर आठ आणे, आईकडचे मिळून बरोबर आठ आणे. जोडीतली वाटणी मात्र ठरलेली नाही. वडिलांच्या वडिलांचे २१ टक्के आले असतील तर वडिलांच्या आईचे २९ येतात, कारण बेरीज ५० हलत नाही. शुक्राणूत अदलाबदली कमी होतात, म्हणून वडिलांकडच्या जोडीत ही तफावत जास्त दिसते. आईकडच्या जोडीत वाटणी सहसा समतोल असते.

मराठीत चुलत, आते, मामे, मावस असे चार शब्द आहेत. डीएनएला यांतला फरक कळतो का? आमच्या घरात साटेलोटेही झाले आहे, म्हणजे माझ्या आत्याचे लग्न माझ्या मामाशीच झाले आहे. त्यांच्या मुलांशी नाते किती? — एक वाचक, बार्शी

फार चांगला प्रश्न. पहिल्या बावीस गुणसूत्रजोड्यांना फरक कळत नाही. चारही प्रकारांत सरासरी दोन आणे, साडेबारा टक्के. पण डीएनएचे तीन भाग असे आहेत की त्यांची वाट ठरलेली असते, आणि तिथे आपले चारही शब्द वेगवेगळे उमटतात.

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाला जवळपास अखंड जाते. म्हणून चुलतभावांचे वाय एकच, तुमच्या काकांचे आणि आजोबांचेही तेच. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा छोटा डीएनए, अवघ्या १६,५६९ अक्षरांचा, आईकडून सर्व मुलांना जातो. म्हणून मावसभावंडांत तो एकच असतो. आते-मामे भावंडांना यांतले काहीच समान नाही. तिसरा एक्स. बापाकडे एक्स एकच, तो मुलीला अखंड मिळतो, मुलाला मिळतच नाही. त्यामुळे दोन चुलतबहिणींत एक्सचा पट्टा जुळू शकतो, कारण दोघींच्या वडिलांचा एक्स एकाच आजीकडून आलेला असतो. दोन चुलतभावांत मात्र या वाटेने एक्स जुळणार नाही.

साटेलोट्याचा हिशेब सोपा आहे. तुमच्या आत्या आणि मामांची मुले तुमची आतेभावंडेही आहेत आणि मामेभावंडेही. वडिलांकडून दोन आणे, आईकडून दोन आणे, एकूण चार आणे. म्हणजे नाव आते-मामेचे असले तरी डीएनए एकच पालक समान असलेल्या सावत्र भावंडांइतका. दोन सख्ख्या भावांनी दोन सख्ख्या बहिणींशी लग्न केले असेल तिथेही हेच होते.

सावत्र या शब्दाबद्दल एक सूचना. आपण तो दोन अर्थांनी वापरतो. एकच पालक समान असेल तर २५ टक्के जुळतात, आणि दोघांनीही आधीची मुले घेऊन लग्न केले असेल तर त्या मुलांत काहीच जुळत नाही. डॉक्टरांना किंवा वकिलांना सांगताना ‘वडील एक, आई वेगळी’ असे फोडून सांगा.

आमच्या कुलवृत्तांतात मूळपुरुष माझ्या दहा पिढ्या आधीचा आहे. माझ्यात त्याचा अंश किती? — एक वाचक, चिपळूण

दहा पिढ्या वर गेल्यावर पूर्वजांच्या जागा १,०२४ होतात. सरासरीने प्रत्येकाचा वाटा टक्क्याचा दहावा भाग भरतो. पण तुमचा डीएनए तितक्या बारीक तुकड्यांत वाटलेलाच नसतो. दहाव्या पिढीपर्यंत त्याचे जेमतेम सहा-सातशे तुकडे होतात, म्हणजे हजारातल्या बऱ्याच पूर्वजांकडून तुमच्यापर्यंत एकही तुकडा पोचलेला नाही. मूळपुरुष त्यांतलाच एक असू शकतो.

वाय गुणसूत्र मात्र त्याचेच असेल. अट इतकीच की तुम्ही पुरुष आहात, मधली प्रत्येक कडी बाप-मुलाची आहे आणि कुठेही दत्तक नाही. आपल्याकडच्या वंशावळींत दत्तके भरपूर आहेत आणि जुन्या काळी ती उघडपणे नोंदली जात. दोन शाखांतल्या पुरुषांचे वाय ताडण्यापूर्वी ‘दत्तक गेला’, ‘दत्तक आला’ या नोंदी वाचा. नाहीतर साध्या दत्तकाचा भलताच अर्थ लावला जाईल.

मुलाचे लग्न माझ्या भावाच्या मुलीशी ठरते आहे. आमच्यात ही चाल आहे. गोत्र वेगळे आहे. तरी धोका असतो का, आणि किती? — एक आई, जत

गोत्र बापाच्या रेषेने चालते. त्यामुळे तुमचा मुलगा आणि तुमच्या भावाची मुलगी यांचे गोत्र वेगळे निघते, आणि तरीही दोघांचे आजी-आजोबा एकच असतात. डीएनएच्या दृष्टीने गोत्र वेगळे असण्याने इथे काही बदलत नाही.

दोघांत सरासरी दोन आणे समान. त्यांच्या मुलात एक आणा, म्हणजे सव्वासहा टक्के जागा अशा असतील की आईकडून आलेली प्रत आणि वडिलांकडून आलेली प्रत दोन्ही एकाच पणजोबा-पणजीची. नुकसान होते ते इथे. थॅलेसेमियासारख्या रक्ताच्या आनुवंशिक आजारात एक सदोष प्रत असलेला माणूस धडधाकट असतो, त्याला वाहक म्हणतात. दोन्ही प्रती सदोष आल्या की आजार. तुमच्या आई वाहक होत्या असे समजा. दोष तुमच्यामार्फत मुलापर्यंत येण्याची शक्यता चारात एक, भावामार्फत त्याच्या मुलीपर्यंतही चारात एक. दोघेही वाहक असण्याची सोळात एक, आणि मग प्रत्येक बाळाला आजार होण्याची त्याच्या चौथाई, म्हणजे चौसष्टात एक. प्रत्येक माणसाच्या अंगी असे काही दोष निद्रिस्त असतातच, म्हणून सगळे मिळून धोका वाढतो. कुठल्याही जोडप्याच्या बाळात गंभीर जन्मदोष असण्याचे प्रमाण साधारण दोन-तीन टक्के धरले जाते. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नात त्यात आणखी दोन-अडीच टक्क्यांची भर पडते. म्हणजे बहुसंख्य मुले निरोगी जन्मतात, पण धोका जवळपास दुप्पट होतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही घरात बोलल्या जाव्यात.

हा हिशेब एकाच पिढीचा. तुमच्या आई-वडिलांचे, आजी-आजोबांचेही असेच नात्यात झाले असेल तर समान वाटा दोन आण्यांवर थांबत नाही. म्हणून समुपदेशकाकडे जाताना तीन पिढ्यांची वंशावळ काढून न्या. कोणाचे कोणाशी लग्न, कोणते मूल लहानपणी गेले, कोणाला जन्मत: ऐकू येत नव्हते, कोणाला सारखे रक्त चढवावे लागे, सगळे लिहा. घरात एक आजार आधीच दिसला असेल तर वरचा चौसष्टात एकचा हिशेब लागू राहत नाही, धोका बराच जास्त निघतो.

लग्नाआधी दोघांची रक्ततपासणी करा. साधा हिमोग्राम आणि एचपीएलसी पद्धतीने हिमोग्लोबिन ए-२. हे ए-२ साडेतीन-चार टक्क्यांच्या वर असेल तर बीटा थॅलेसेमियाचा वाहक असण्याची दाट शक्यता. इथे एक चूक वारंवार होते. अंगात लोह कमी असेल तर ए-२ खोटेच कमी दिसते आणि वाहक सुटून जातो. म्हणून फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बघा, लोह भरून काढा आणि शंका असेल तर पुन्हा तपासा. एचपीएलसीवर सिकलसेल हा रक्ताचा आजारही कळतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे तो बराच आढळतो, तिकडचे नाते असेल तर अहवालात त्याचा उल्लेख आहे ना हे मुद्दाम पाहा. दोघेही एकाच आजाराचे वाहक निघाले तरी वाटा बंद होत नाहीत. गर्भारपणाच्या १० ते १३ आठवड्यांत नोंदणीकृत केंद्रात वारेच्या पेशी काढून बाळाची तपासणी करता येते. पण दोघे वाहक आहेत हे त्याआधी माहीत असले पाहिजे.

कायद्याचेही एक. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आईकडून तीन आणि वडिलांकडून पाच पिढ्यांतले नाते सपिंड धरतो आणि असे लग्न मान्य करत नाही, पण रूढी असेल तर सूट देतो. तुमच्यात चाल आहे म्हणता, तर ती सिद्ध करता येईल इतकी जुनी आणि सततची असावी लागते.

मी न्यू जर्सीत राहते. लाळेच्या चाचणीत ५८ वर्षांच्या एका अनोळखी मराठी गृहस्थांशी माझे १,७२० सेंटिमॉर्गन जुळले. कंपनी फक्त ‘जवळचे कुटुंबीय’ म्हणते. मी ३४ वर्षांची. हे कोण असतील? — एक वाचक

आकड्यावरून नाव ठरवता येणार नाही, पण शक्यता चाळता येतात.

सेंटिमॉर्गन हे डीएनएच्या लांबीचे असे माप आहे ज्यात अदलाबदलीची शक्यता मोजतात. एक सेंटिमॉर्गन अंतरात एका पिढीत अदलाबदल होण्याची शक्यता शंभरात एक. हे नाव ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी सुचवले, तेच हाल्डेन जे पुढे भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि भुवनेश्वरला वारले. अमेरिकेतल्या ब्लेन बेटिंजर यांनी लोकांनी स्वत:हून पाठवलेले आकडे गोळा करून २०२० मध्ये जो तक्ता काढला, त्यात पालक-मुलाची सरासरी ३,४८५ आहे आणि सख्ख्या भावंडांची २,६१३. एकच पालक समान असलेली भावंडे १,७५९, आजी-आजोबा १,७५४, काका-मामा-आत्या-मावशी १,७४१. चुलत-मामे भावंडे एकदम खाली, ८६६. तुमचे १,७२० मधल्या तिन्हींत सारखेच बसते. शिवाय साटेलोट्यातले दुहेरी भावंडही तिथेच येते.

वयाने आजोबा बाद. उरतात काका किंवा मामा, एकाच पालकाचा भाऊ आणि दुहेरी भावंड. आता एक्स गुणसूत्र बघा, ते दाखवणाऱ्या कंपनीकडे असाल तर. ते तुमच्या वडिलांचे दुसऱ्या स्त्रीपासूनचे पुत्र असतील तर त्यांचा एक्स त्यांच्या आईचा, तुमच्याशी जुळणार नाही. वडिलांचे सख्खे भाऊ असतील तर तुमच्या वडिलांचा आणि त्यांचा एक्स एकाच आजीकडून आलेला, त्यामुळे मोठा पट्टा जुळायला हवा. आईचे भाऊ असतील तरीही बहुधा जुळेल.

यापेक्षा खात्रीचा उपाय म्हणजे तुमच्या पालकांपैकी एकाची चाचणी. आईशी त्या गृहस्थांचे २,६०० च्या आसपास आले तर ते मामा. वडिलांशी २,६०० आले तर काका, आणि ३,४०० च्या आसपास आले तर पुत्र. या एका पायरीने गुंता सुटतो. पण आई-वडिलांकडून लाळ घेण्यापूर्वी ती कशासाठी घेतो आहोत हे त्यांना सांगा. साठ वर्षांपूर्वी दत्तक दिलेले मूल, आधीचे लग्न, न बोललेले दु:ख, यांतले काहीही समोर येऊ शकते, आणि ‘गंमत म्हणून करा’ असे सांगून घेतलेली चाचणी पुढे घर तोडते. त्या गृहस्थांनाही पहिल्या निरोपात निष्कर्ष कळवू नका. आपले इतके जुळते आहे, तुमच्या घराण्याचे मूळ गाव कोणते, एवढेच विचारा.

दूरच्या जुळण्यांबद्दल मात्र सावध राहा. आपल्याकडे शेकडो वर्षे लग्ने जातीत, पोटजातीत झाली. त्यामुळे जुने बारीक तुकडे सगळ्यांत विखुरलेले आहेत आणि त्यांची बेरीज नाते फुगवते. कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलांसारख्या लहान समाजात तर फारच. पाश्चात्त्य तक्त्यात ७० सेंटिमॉर्गन म्हणजे पणजोबांचे आई-वडील एक, पण आपल्याकडे तेच ७० दहा-बारा तुकड्यांचे असतील तर नाते बरेच मागचे असू शकते. सात सेंटिमॉर्गनपेक्षा लहान तुकडे सोडून द्या, त्यांतले बरेच निव्वळ योगायोगाचे असतात. एकूण बेरीज बघण्याऐवजी सर्वांत लांब तुकडा बघा. तो ३०-४० चा असेल तर नाते खरोखर जवळचे.

पुतण्याला थॅलेसेमिया मेजर आहे. अस्थिमज्जा घरातल्या कोणाची जुळेल? आणि दर महिन्याचे रक्तही परके नको, घरच्यांचेच द्यावे असे आजी म्हणतात. — एक काका, उल्हासनगर

आधी रक्ताचे, कारण त्यात घाई आहे. आजींची माया समजते, पण सख्ख्या नातलगांचे ताजे रक्त या मुलाला देऊ नका. दात्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींची एचएलए ओळख, म्हणजे आपले-परके ठरवणारी पेशींवरची खूण, नातलगांत बऱ्याचदा अर्धी किंवा पूर्ण जुळते. एरवी रुग्णाचे शरीर परक्या पांढऱ्या पेशी ओळखून मारते. पण समजा दात्याच्या दोन्ही एचएलए प्रती एकसारख्याच आहेत आणि त्यांतलीच एक रुग्णाकडेही आहे. मग रुग्णाच्या शरीराला त्या पेशींत काही परके दिसत नाही, ते त्यांना राहू देते. त्या पेशींना मात्र रुग्ण परका दिसतो. काही दिवसांत ताप, अंगावर पुरळ, जुलाब, यकृताला सूज आणि मग मज्जाच बंद पडते. हा प्रकार विरळ आहे, पण झाला तर दहातले नऊ रुग्ण दगावतात. नात्यात लग्ने होणाऱ्या घरांत अशी एकसारखी प्रत असलेले लोक जास्त सापडतात. नातलगाचे रक्त देण्यावाचून गत्यंतर नसेल तर ती पिशवी किमान २५ ग्रे किरणोत्सार दिलेलीच हवी, आणि दाता नातलग आहे हे रक्तपेढीला आधी सांगितले पाहिजे. पांढऱ्या पेशी गाळण्याची जाळी वेगळ्या कारणासाठी असते, ती या धोक्यावर पुरत नाही. शिवाय पुढे मज्जारोपण करायचे असेल तर कुटुंबातल्या रक्तामुळे त्यांच्याच मज्जेविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊन ती नाकारली जाण्याचा धोका वाढतो. घरच्यांनी रक्तदान जरूर करावे, पण ते रक्तपेढीतल्या इतरांसाठी.

आता मज्जा. एचएलएची जनुके सहाव्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत, म्हणून बहुतेक वेळा एकगठ्ठा उतरतात. आई-वडील त्यामुळे अर्धेच जुळतात. सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. दोन भावंडे असतील तर निदान एक जुळण्याची ४४ टक्के, तीन असतील तर ५८. रक्तगट जुळणे ही निराळी बाब, तो वेगळा असला तरी मज्जा चालू शकते. काका-मामा-चुलत भावंडांत पूर्ण जुळणी क्वचित, पण आई-वडीलही नात्यातले असतील तर विस्तारित कुटुंबाची तपासणी सार्थकी लागते. भावंड थॅलेसेमियाचे वाहक असले तरी दाता होऊ शकते, आजारी मात्र नको. ‘दुसरे मूल होऊ द्या, ते दाता होईल’ असा सल्ला कोणी दिला तर हा हिशेब पुढे ठेवा. बीटा ग्लोबिनचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे, एचएलए सहाव्यावर, म्हणून दोन्ही शक्यता गुणायच्या. आजार नसण्याची चारात तीन, जुळण्याची चारात एक, मिळून सोळात तीन. उरलेल्या तेरांत ते मूल दाता होऊ शकणार नाही. पूर्ण जुळणारा कोणी नसेल तर अर्ध्या जुळणाऱ्या पालकाची मज्जा देण्याची पद्धतही आता अनुभवी केंद्रांत वापरतात. तिचे फायदे-तोटे तुमच्या डॉक्टरांकडून समजून घ्या.

वडील वारले. त्यांच्या पहिल्या घरोब्यातला मुलगा वाटा मागतो आहे. डीएनएने सिद्ध होईल? नमुना कसा घेतात? — एक वाचक, बेळगाव

वडील हयात असते तर सोपे होते. पितृत्वचाचणीत डीएनएच्या वीसेक ठरावीक जागा बघतात. मुलाकडे प्रत्येक जागी बापाची एक प्रत असावीच लागते. एखाद्या जागी फरक आला तर तो बदल नवा असू शकतो, म्हणून साधारणपणे तीन किंवा अधिक जागी विसंगती आल्याशिवाय नाते नाकारत नाहीत. भावा-भावांच्या चाचणीत अशी सक्ती कुठेच नसते. एकाच वडिलांची मुले त्याच वीस जागांवर फारशी न जुळण्याचीही शक्यता असते आणि परकी माणसे योगायोगाने बऱ्यापैकी जुळण्याचीही. त्यामुळे केवळ तुम्ही दोघांनी नमुने दिलेत तर अहवाल बहुधा अधांतरी येईल.

दोघेही पुरुष आहात, तर वाय गुणसूत्राच्या १७ किंवा २७ जागा ताडा. स्पष्ट वेगळे निघाले तर वडील एक नाहीत. एकच निघाले तर मात्र एवढेच सिद्ध होते की तो तुमच्या घराण्याच्या पुरुषरेषेतला आहे, कारण तुमच्या काकांच्या मुलाचेही वाय तेच. दोन बहिणींचा वाद असता तर एक्स कामी आला असता. एकाच बापाच्या मुलींत त्याचा एक अखंड एक्स समान असलाच पाहिजे. तुमच्या बाबतीत दोन्ही आयांचे नमुने, वडिलांच्या भावा-बहिणींचे किंवा आईचे नमुने जोडले तर अहवालाला वजन येते. सर्वांत उत्तम म्हणजे वडिलांचाच डीएनए. त्यांची कधी बायॉप्सी झाली असेल तर रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात मेणात बसवलेला तुकडा अजून असू शकतो. तो नष्ट होण्याआधी लेखी अर्ज करा.

खासगी प्रयोगशाळेत परस्पर केलेली चाचणी न्यायालयात टिकत नाही, कारण नमुना कोणाचा हे कोणी साक्षीने सांगू शकत नाही. न्यायालयाच्या आदेशाने, ओळख पटवून, सीलबंद नमुना शासकीय न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जावा लागतो. आणि आदेश मागितला की मिळतोच असे नाही. वैध लग्न टिकून असताना, किंवा ते संपल्यावर २८० दिवसांच्या आत, आईने पुनर्विवाह केलेला नसताना जन्मलेले मूल नवऱ्याचेच, असे कायदा धरून चालतो. पूर्वी ते पुरावा कायद्याचे कलम ११२ होते, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचे ११६. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच सांगितले आहे की अशी चाचणी सरसकट मागता येणार नाही. तुमच्या वडिलांचे ते पहिले लग्न होते की नुसता घरोबा, हे म्हणूनच वकिलांना आधी स्पष्ट सांगा.

नमुना बहुधा गालाच्या आतल्या बाजूचा घेतात. त्याआधी अर्धा तास खाणे, चहा, तंबाखू, गुटखा बंद, आणि तोंड साध्या पाण्याने धुवायचे. अंगावर पिणारे बाळ असेल तर तास जाऊ द्या, दुधातून आईच्या पेशी त्याच्या तोंडात राहतात. बोळा गालावर अर्धा-पाऊण मिनिट जोर देऊन घासायचा. लाळ टिपून उपयोग नाही, पेशी खरवडल्या गेल्या पाहिजेत. मग सावलीत तासभर पूर्ण वाळवून कागदी पाकिटात घालायचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल राहते, बुरशी धरते आणि आठवडाभरात डीएनए कुजतो. कोणाचे मज्जारोपण झाले असेल तर ते आधी सांगा. त्या माणसाच्या रक्तात दात्याचा डीएनए दिसतो आणि गालाच्या बोळ्यावरही दोघांची भेसळ येते. त्याच्यासाठी मुळासकट उपटलेले दहा-बारा केस घ्यावे लागतात.